सिंथेटिक दोर पुन्हा पुन्हा तुटतोय? नवा मागवण्याआधी तुटलेलं टोक बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. विंचवरची (विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून जड वस्तू ओढणारं यंत्र) स्टीलची वायर रोप गंजली, तिच्या तुटक्या तारा हाताला टोचायला लागल्या, म्हणून ती काढून त्याच जाडीचा सिंथेटिक दोर चढवला. वजन उतरलं, सुरुवातीची कामं झकास झाली. मग एके दिवशी दोर तुटला. नवा आणला, तोही तुटला. पुढच्या वेळी जरा जाड आणला, तर तो ड्रमवर पूर्ण मावेना आणि तुटायचा तो तुटलाच. शेवटी निकाल लागतो: स्टील ते स्टील, बाकी सगळं प्लास्टिक.

निकाल घाईचा आहे. या दोरांमधला नेहमीचा धागा म्हणजे एच.एम.पी.ई., अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याचीच व्यापारी नावं. 10 मिमीची वायर रोप मीटरला साधारण 400 ग्रॅम भरते, त्याच जाडीचा हा दोर 60 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 30 मीटरला 12 किलोच्या जागी दोन किलोसुद्धा नाहीत. घनता 0.97, त्यामुळे पाण्यावर तरंगतो. तुटण्याची ताकद त्याच जाडीच्या वायर रोपइतकी, बऱ्याचदा तिच्याहून जास्त. तरीही तुटतो, कारण बदललाय फक्त दोर. ड्रम, रोलर (विंचच्या तोंडाशी दोराला वाट दाखवणारे फिरते दांडे), पुली, ब्रेक, हूक हे सगळं अजून तारेच्याच सोयीचं आहे, आणि तारेला जे खपत होतं ते या धाग्याला खपत नाही. अशा वेळी आणखी जाड दोर मागवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पुढचं सगळं ओढकामाच्या विंचबद्दल आहे: अडकलेली गाडी, ट्रेलर, होडी, ओंडके, जमिनीवरून सरकवायची यंत्रं. माल हवेत उचलणाऱ्या होइस्टवर किंवा क्रेनवर यंत्राच्या निर्मात्याने लेखी मान्यता दिल्याशिवाय वायर रोपच्या जागी दोर चढवू नका.

आधी अंतर मोजा

तुटलेला दोर लगेच कापून, गाठ मारून कामाला लावू नका आणि फेकूही नका. दोन्ही तुकडे ठेवा. हुकापासून तुटलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्या क्षणी हूक विंचपासून किती लांब होता ते आठवून लिहा. या दोन आकड्यांवरून तुटताना ती जागा नेमकी कुठे होती ते निघतं: रोलरच्या तोंडाशी, पुलीवर, ड्रमवर, की हुकाच्या डोळ्यापाशी, म्हणजे हूक अडकवायच्या दोराच्या फासापाशी.

दोन्ही वेळा दोरावरची जागा वेगळी पण यंत्रावरची जागा एकच असेल, तर गुन्हेगार यंत्रात आहे. हे एवढं एक मोजमाप केलं तरी निम्मा तपास होतो. बहुतेक लोक ते करत नाहीत, कारण तुटलेला दोर बघून राग येतो आणि तो आधी नजरेआड करावासा वाटतो.

मग टोक वाचा. सगळे पेड एकाच रेषेत, स्वच्छ तुटले असतील तर धारेने कापलंय. टोक कडक, चकचकीत, मेणासारखं गोळा झालेलं असेल तर उष्णता. टोक झाडूसारखं पिंजलेलं, प्रत्येक पेडाची लांबी वेगळी असेल तर ताण झेपला नाही. ताणाने तुटलेल्या टोकावरही थोडे तंतू एकमेकांना चिकटलेले दिसू शकतात, तेवढ्यावरून उष्णतेचा निवाडा करू नका. सबंध पेड वितळलाय का ते बघा. आणि दोर तुटलाच नसेल, नुसता डोळ्यातून निसटला असेल, तर दोष स्प्लाइसचा (दोराचं टोक त्याच्याच वेणीत घुसवून केलेल्या जोडाचा) किंवा गाठीचा.

रोलरच्या तोंडाशी तुटतोय

हे सर्वात जास्त वेळा सापडणारं कारण. स्टीलची तार वर्षानुवर्षं रोलरवर घासून तिथे बारीक खाचा पाडते आणि खाचांच्या कडेला धातूची कुसळं उभी राहतात. तारेला त्यांचं काही वाटत नाही. दोराचा प्रत्येक फेरा मात्र त्या कुसळांवरून करवतीवरून गेल्यासारखा जातो.

डोळ्यांना आणि बोटालासुद्धा हे नेहमी कळत नाही. कापसाचा बोळा घ्या आणि रोलर, त्याचे कोपरे, चौकटीच्या आतल्या कडा, ड्रमच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्या आणि दोर जिथे टेकू शकतो त्या सगळ्या जागांवरून सावकाश फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे दोर कापला जाणार. ती जागा कानशीने उतरवा, मग पॉलिश पेपर बारीक करत न्या आणि पुन्हा कापूस फिरवा. खाच खोल असेल तर रोलर बदलण्यातच शहाणपण आहे.

रोलरच्या चौकटीला आणखी एक खोड असते. ओढ तिरकी असली की दोर उभ्या आणि आडव्या रोलरच्या मधल्या फटीत शिरतो आणि तिथे चिमटला जातो. टोक एका बाजूने कुरतडल्यासारखं दिसलं तर हीच शंका घ्या. म्हणून सिंथेटिक दोरासाठी रोलर काढून गुळगुळीत, गोल ओठांचा अ‍ॅल्युमिनियमचा फेअरलीड (दोर बाहेर पडायचं तोंड) बसवतात. ओठ जितका मोठ्या गोलाईचा तितका बरा. या फेअरलीडमधून नंतर कधी तात्पुरती म्हणून स्टीलची तार ओढलीत, तर तो फेअरलीड संपला असं समजा. तार मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये खाच पाडते आणि पुन्हा तेच चक्र.

ड्रमजवळ तुटतोय, टोक वितळलेलं आहे

एच.एम.पी.ई. साधारण 144 ते 152 अंश सेल्सिअसला वितळतं, पण तिथवर जायचीही गरज नाही. सततच्या कामासाठी त्याची मर्यादा 70 अंशांच्या आसपास धरतात. त्याच्यावर गेलं की ताकद उतरत जाते आणि धागा ताणाखाली लांबत जातो. स्टीलच्या तारेला 70 अंश म्हणजे काहीच नाही.

आता आपला विंच बघा. गाड्यांवरच्या बऱ्याच विजेच्या विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटात असतो. भार ओढताना तो फारसा तापत नाही. भार सोडताना, म्हणजे उतारावरून गाडी विंचच्या जोरावर हळूहळू खाली उतरवताना, सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते आणि ड्रम आतून तापतो. त्याला चिकटलेला असतो दोराचा पहिला थर. वरचे थर छान दिसत राहतात, आतला थर कडक झालेला असतो, आणि ज्या दिवशी जवळजवळ सगळा दोर बाहेर काढून ओढायची वेळ येते त्या दिवशी तो तुटतो. लोक म्हणतात, दोर काही कारण नसताना तुटला. कारण आधीच घडून गेलेलं असतं.

काम झाल्यावर ड्रमला हात लावून बघा, आधी जपून. हात टेकवून ठेवता येत नसेल तर दोरासाठी तो ड्रम जास्त गरम आहे. भार सोडण्याचं काम थोडं थोडं करा, मध्ये थांबा. पहिल्या थरावर उष्णतारोधक बाही घालून मिळणारे दोर आहेत, ते घ्या. भार सोडणं हेच तुमचं रोजचं काम असेल, तर ब्रेक ड्रमच्या बाहेर असलेला विंच बघा किंवा मुकाट्याने स्टीलवर राहा. उष्णतेसाठी म्हणून अ‍ॅरामिडचा, म्हणजे केव्हलारच्या जातीचा दोर सुचवणारे भेटतात. तो उष्णता सोसतो हे खरं, पण वारंवार वाकणं आणि ऊन त्याला मानवत नाही. विंचच्या ड्रमवर वाकण्यातून सुटका नसते.

ड्रमवर घसरतो किंवा थरांत रुततो

हा धागा कमालीचा निसरडा आहे. तारेसाठी ड्रमवर चार-पाच वेढे ठेवले की भागायचं, कारण घर्षण टोक धरून ठेवायचं. दोरासाठी आठ ते दहा वेढे कायम ड्रमवर राहिले पाहिजेत. कमी ठेवलेत तर सगळा भार टोकाच्या त्या एका स्क्रूवर येतो. तो स्क्रू तारेला दाबून धरण्यासाठी केलेला असतो. दोराला तो चेचतो. दोर विंचच्या निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीनेच बांधा, शक्यतो टोकाला स्प्लाइस करून चपटा लग (स्क्रूने बसवायचा धातूचा कान) लावून. शेवटचे दहा वेढे सुरू होतात तिथे दोरावर रंगाची ठळक खूण करा. ती खूण ड्रम सोडून बाहेर दिसली की थांबायचं, ही सूचना विंच चालवणाऱ्या प्रत्येकाला द्या.

रुतण्याचा प्रकार वेगळा. दोर सैल गुंडाळलेला असतो, मग जोराची ओढ बसते, वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मधून पाचर ठोकल्यासारखा आत घुसतो. पुढच्या वेळी दोर सोडताना तो तिथेच अडकतो, कधी ड्रम उलटा गुंडाळायला लागतो. सोडवताना ओढाताण होते, धागे भाजतात, आणि अडकलेल्या जागी चपटा कडक पट्टा तयार होतो. उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा: दोर ताणाखाली गुंडाळा. सपाट जागी गाडी हँडब्रेक थोडा ओढून, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि विंचने तिला स्वतःकडे ओढू द्या. वेढे शेजारी शेजारी, फट न ठेवता बसले पाहिजेत. वेढे बसवायला हात घालायचा मोह आवरा. थांबा, बघा, मग पुन्हा चालवा. नवा दोर चढवल्यावर हे एकदा करायचंच, आणि दर वेळी सैल गुंडाळून घरी आणल्यावर पुन्हा करायचं.

हुकाच्या डोळ्यापाशी

गाठ मारली असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, कारण तेच आहे. या दोरात गाठीने निम्म्याहून जास्त ताकद जाऊ शकते आणि निसरडेपणामुळे गाठ सरकते ती वेगळीच. वायर रोपच्या यू आकाराच्या क्लिपा लावल्या असतील तर त्याही काढा. त्या सैल ठेवल्या तर दोर निसटतो, घट्ट आवळल्या तर चेचतो. मधलं काही सापडत नाही.

12 पेडी पोकळ वेणीच्या दोराला स्प्लाइस हेच योग्य टोक आहे. दोराचं शेपूट त्याच्याच पोकळीत घुसवायचं. ओढ बसली की बाहेरची वेणी आवळते आणि आतलं शेपूट पकडते. नीट केलं तर ताकदीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग टिकतो. दोन ठिकाणी लोक चुकारपणा करतात. आत घातलेली लांबी कमी ठेवतात: दोराच्या जाडीच्या सुमारे 72 पट लागते, म्हणजे 10 मिमीच्या दोराला 70 सेंटिमीटरच्या वर. बघताना ती अतोनात वाटते, पण निसरड्या धाग्याला तेवढी पकड लागतेच. दुसरं म्हणजे शेपटाला निमुळतं करत नाहीत. शेपूट जिथे एकदम संपतं तिथे दोराची जाडी अचानक बदलते आणि दोर बरोबर त्याच जागी तुटतो. हुकापासून पाऊण-एक मीटरवर पिंजलेलं टोक सापडलं, तर आधी निमुळतेपणा तपासा. सैल असताना स्प्लाइस सरकू नये म्हणून सुताचे टाके घाला. डोळ्यात थिंबल (आतून बसणारी धातूची खोबण) हवंच आणि शॅकलच्या (हूक जोडायच्या यू आकाराच्या कडीच्या) पिनची कडही कापसाने तपासा.

पुली

तारेने खाल्लेल्या पुलीच्या खाचेत तळाशी तारेच्या पिळाचा ठसा उमटलेला असतो. तो धारदार असतो आणि दर फेऱ्याला त्याच जागी चावतो. पुली बदला. नवी घेताना खाच इंग्रजी यू सारखी गोल आणि दोरापेक्षा 10 ते 15 टक्के रुंद असावी. व्ही आकाराची खाच दोराला चिमटते. पुलीचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान आठपट, आणि दोर तिच्यावरून सतत धावत असेल तर वीसपटीच्या जवळ जाता आलं तर उत्तम. दोर लवचीक आहे म्हणून छोटी पुली चालेल, हा समज महागात पडतो. लहान पुलीवर धागे एकमेकांवर घासतात, आतून तापतात, आणि बाहेरून काही दिसत नाही.

तार आणि दोर जोडून वापरणं

लांबी कमी पडली म्हणून सिंथेटिक दोराला वायर रोपचा तुकडा जोडणारे बरेच आहेत. वायर रोपला पीळ असतो आणि भार आला की ती उलगडायला बघते. वेणीच्या दोराला स्वतःचा पीळ नसतो, त्यामुळे तार त्याला फिरवते. पीळ बसलेल्या वेणीत सगळे पेड सारखा भार घेत नाहीत आणि ताकद झपाट्याने जाते. दोरावर एक सरळ रेघ काढून ठेवली तर हे लगेच दिसतं: रेघ गोल गोल फिरायला लागली की दोर पिळवटलाय. लांबी हवी असेल तर दोराला दोरच जोडा.

लव आली म्हणजे दोर गेला का?

नाही. नव्या दोरावर थोड्या वापरानंतर बारीक लव येतेच आणि ती खालच्या धाग्यांचं थोडं रक्षणही करते. ती आली आणि थांबली तर ठीक. दर वेळी वाढतच असेल तर कुठेतरी खरखरीत धातू आहे.

चकचकीत, चपट्या, कडक झालेल्या जागेबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. ती दाबाने बसलेली असू शकते किंवा वितळलेली. ओळखायची पद्धत अशी: ती जागा दोन्ही हातांत धरून उलटसुलट वाकवा, वेणी दाबून सैल करा, पेड मोकळे करायचा प्रयत्न करा. चमक जाऊन धागे सुटे झाले तर तो दाब होता, दोर ठीक आहे. कडकपणा तसाच राहिला, धागे एकमेकांना चिकटलेलेच राहिले तर ते वितळलेत. तेवढा भाग कापा आणि स्प्लाइसने जोडा, किंवा दोर बाद करा. पेड अर्धा-अधिक कापला गेला असेल, त्यातही शेजारशेजारचे दोन पेड गेले असतील, तर त्या जागेवर भार टाकू नका.

वाळू आणि मिठाचे कण हा गुपचूप मारणारा प्रकार आहे. ते वेणीत शिरतात आणि दर ओढीला आतून कापत राहतात. वेणी थोडी उघडून आत बघा. आत पीठ किंवा भुगा दिसला तर हेच चाललंय. चिखलातून काम झालं की दोर पूर्ण उलगडून गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. तेल-ग्रीस लावू नका. ती तारेची सवय आहे. दोराला ग्रीस लावलं की माती तिथेच बसते.

बाहेरून आवरण असलेले दोर घासण्यापासून वाचतात, पण आतली अवस्था झाकतातही. 2 मार्च 2015 रोजी ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या साउथ हूक धक्क्यावर झार्गा या एल.एन.जी. (द्रवरूप नैसर्गिक वायू) वाहू जहाजाचा एच.एम.पी.ई.चा बांधणीदोर तुटला आणि एक अधिकारी डोक्याला गंभीर जखमी झाला. ब्रिटिश तपासयंत्रणेच्या अहवालात दोराच्या आतल्या धाग्यांची हानी पुढे आली. आवरणामुळे ती बाहेरून तपासता येत नव्हती. शिवाय दोराच्या टोकाला जोडलेल्या, ताणल्या जाणाऱ्या दुसऱ्या दोराच्या तुकड्यामुळे (याला शेपूट म्हणतात) तो तुटल्यावर उसळला. एच.एम.पी.ई. तुटताना फक्त तीन-चार टक्के ताणलेलं असतं, म्हणून तो तुटल्यावर अंगावर येत नाही असं सांगितलं जातं. नुसत्या दोरापुरतं ते बरंचसं खरं आहे. मध्ये नायलॉनचा पट्टा, लवचीक शेपूट किंवा सैल हूक आला की हिशेब बदलतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा नियम स्टीलइतकाच इथेही लागू.

सगळं तपासलं, तरी मधोमध तुटतोय

टोक पिंजलेलं आहे, जवळपास कुठलाही धातू नव्हता, गाठ नव्हती. मग भारच जास्त आहे. विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. कमी दोर बाहेर काढून ओढता तेव्हा विंचची ओढ कमी असते आणि जास्त काढता तेव्हा पूर्ण. त्यामुळे दोर लांब सोडल्यावरच तुटत असेल तर आश्चर्य नको. दोराची किमान तुटण्याची ताकद विंचच्या कमाल ओढीच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट असू द्या. ही ताकद निर्मात्याच्या प्रमाणपत्रावरून घ्या आणि ती स्प्लाइससह आहे की स्प्लाइसशिवाय ते बघा. एच.एम.पी.ई. दोरांसाठी आय.एस.ओ. 10325 हे मानक आहे. प्रमाणपत्रावर त्याचा उल्लेख आहे का तेही विचारा. पुडक्यावर नुसतं मोठ्या अक्षरात छापलेल्या टनांवर जाऊ नका.

दुसरी शक्यता झटक्याची. अडकलेली गाडी सुटावी म्हणून दोर सैल ठेवून दुसऱ्या गाडीने हिसका देतात. नायलॉनचा दोर ताणून तो हिसका पोटात घेतो. हा दोर जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे सगळा झटका एका क्षणात त्याच्यावर आणि दोन्ही गाड्यांच्या हुकांवर येतो. हिसक्याच्या कामाला नायलॉनचाच दोर वेगळा ठेवा आणि विंचचा दोर फक्त सावकाश ओढायला वापरा.

तिसरी शक्यता, भार लावून दिवसेंदिवस तसंच ठेवण्याची. एच.एम.पी.ई. कायमच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातं, उन्हातान्हात जास्त वेगाने, आणि एका टप्प्यानंतर तुटतं. बांधून ठेवलेली होडी किंवा ताणून उभा केलेला खांब दर आठवड्याला पुन्हा आवळावा लागत असेल तर तो हाच प्रकार. तिथे कमी लांबणाऱ्या जातीचा एच.एम.पी.ई. दोर, जाडी वाढवून, वापरता येतो. जागा गरम असेल, कडा टाळता येत नसतील आणि वजनाची अडचण नसेल, तर तिथे स्टीलची वायर रोपच लावा.